स्पितीला जायचंय? तेरा दिवस काढा

कुंझुम खिंडीच्या शेवटच्या वळणावर आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. सगळ्यांना वाटलं, टायर गेला. ड्रायव्हरने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, नुसता हसला. फुटलं होतं ते लिल्या चिवड्याचं पाकीट. बडोद्याहून निघताना पक्कं बंद करून घेतलेलं, मनालीपर्यंत गप्प बसलेलं. रोहतांगवर ते उशीसारखं टम्म फुगलं आणि साडेचार हजार मीटरांवर त्याने दम सोडला. बटाट्याच्या काड्या आणि हरभऱ्याची डाळ आमच्या कानटोप्यांवर. आम्ही पोट धरून हसलो.

त्या पाकिटात हवा होती ती आपल्या गावची. बडोद्यातला गोरवा समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरांवर. इथली हवा आपल्या सवयीची, दाट. कुंझुमवर हवेचा दाब इथल्या निम्म्याहून थोडासाच जास्त. आतली हवा बाहेर ढकलणार, बाहेरची अडवायला अपुरी, मग पाकीट फुटणारच. त्या वेळी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की जे चिवड्याचं झालं त्याच्यासारखंच काहीतरी आपल्या अंगातही चाललंय. रात्री स्पितीतल्या काझ्याला पोचल्यावर कळलं.

माझे साडू त्या वेळी बावन्न वर्षांचे. आमच्यात सगळ्यात काटक. दर महिन्याला पावागड चढणारे, बिडी नाही, पान नाही, मधुमेह नाही. रात्री अकराला त्यांचं डोकं ठणकायला लागलं. दोनदा उलटी झाली, मग तिसऱ्यांदा. पाणीसुद्धा पोटात ठरेना. सकाळी पाहतो तर माणूस अंथरुणावरून उठायला तयार नाही. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाकाला ऑक्सिजन लावला आणि मला विचारलं, परवा रात्री कुठे होता? म्हटलं, मनालीला. त्याच्या आदल्या रात्री? दिल्लीच्या बसमध्ये. आणि त्याच्या आदल्या? रेल्वेत, बडोद्याहून. डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाले, तुम्ही चढलाच नाहीत, तुम्हाला कुणीतरी वर फेकलंय.

ही २०१८ च्या जूनअखेरची गोष्ट. सहलीचा तो कार्यक्रम कुणी आखून दिला होता त्याचं नाव सांगत नाही, कारण दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. ‘सात दिवसांत सगळं स्पिती’ असं त्याने म्हटलं आणि आम्हीच टाळ्या पिटल्या. शिवाय सोसायटीतल्या मंडळींनी वरून त्यात आणखी चंद्रताल सरोवर घालायला लावलं. एवढ्या लांब जायचं तर चंद्रताल का सोडायचं? हे वाक्य बोलणारा मीच होतो.

तेव्हापासून इथल्या आजूबाजूच्या सोसायट्यांतली, इलोरा पार्कची, सुभानपुऱ्याची मंडळी डोंगराच्या सहलीबद्दल विचारायला आली की मी एकच गोष्ट सांगतो. तीच आज सगळ्यांसाठी लिहितोय. ठिकाणं कमी करा, दिवस वाढवा. बूट, जॅकेट, कॅमेरा, गाडी हे सगळं त्यानंतर.

आता मुळातली अडचण. आपल्याला सुट्टी मिळते कधी? कारखान्यात काम करणाऱ्याला दिवाळीत, लाभपाचमीपर्यंत. मुलांना मे महिन्यात आणि दिवाळीत. आणि स्पितीचा मनालीकडचा रस्ता, म्हणजे कुंझुमवरून जाणारा, साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उघडा. म्हणजे मे महिन्यात बहुतेक वेळा बर्फाने बंद आणि दिवाळीला पुन्हा बंद व्हायच्या बेतात. आपलं कॅलेंडर आणि त्या डोंगराचं कॅलेंडर जुळत नाही. मधले जुलै-ऑगस्ट उरतात. स्पितीत पाऊस नगण्य, असं म्हणून कुणी त्या महिन्यांत जायला सांगितलं तर त्याला विचारा, स्पितीपर्यंत पोचायचं कशातून? किन्नौरच्या दरीतून किंवा कुल्लूच्या, आणि तिथे पाऊस कोसळत असतो. २०२१ च्या जुलैत सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ वरून दगड कोसळून नऊ पर्यटक गेले. पुढच्याच महिन्यात निगुलसरीला सरकारी बस आणि इतर गाड्या दरडीखाली सापडल्या, अठ्ठावीस माणसं गेली. २०२३ च्या जुलैत चंद्रतालला सुमारे तीनशे लोक बर्फात अडकले. जुलैत, बर्फात. त्यांना बाहेर काढायला कित्येक दिवस लागले.

मग जायचं कधी? माझं उत्तर ऐकून आमच्या सौ.नी सुरुवातीला कपाळावर हात मारला होता. पितृपक्षात जा.

हसू नका. अनंत चतुर्दशीला बाप्पा पोचले की घटस्थापनेपर्यंतचा पंधरवडा हा आपल्या बडोद्याचा सगळ्यात रिकामा काळ. गणपती सोडून मराठी माणूस कुठे जाणार नाही आणि गरबा सोडून बडोदेकर मग तो मराठी असो की गुजराती, हलणार नाही. मधल्या पंधरवड्यात लग्न नाही, वास्तुशांत नाही, खरेदी नाही. लोक प्रवासही टाळतात, त्यामुळे गाड्यांना थोडी जागा. आणि नेमका तेव्हाच, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, हिमाचलमधून पाऊस माघारी फिरतो. आभाळ धुतल्यासारखं निळं, किन्नौरमध्ये सफरचंदं उतरवायचे दिवस, नद्यांचं पाणी ओसरलेलं. अधिक मास आला की पितृपक्ष ऑक्टोबरात सरकतो, तरी चालतं, फक्त एक स्वेटर जास्त घ्या. वडिलांची तिथी असेल तर ती करून निघा. आमचे गुरुजी म्हणाले, सर्वपित्रीला तिथेच नदीवर तर्पण केलंत तरी पोचतं. मी केलं, काझ्याला स्पिती नदीच्या काठी. पाणी इतकं गार की ओंजळ दोनदा सांडली.

शाळेत जाणारी मुलं असतील त्यांना हा उपाय नाही, हे कबूल. त्यांनी मे महिन्यात जावं आणि किन्नौरवर समाधान मानावं. त्याबद्दल पुढे सांगतो.

रस्ता. स्पितीला दोन बाजूंनी शिरता येतं. एक मनालीहून, दुसरा शिमल्याहून किन्नौरमार्गे. मनालीची बाजू जवळची आणि म्हणूनच फसवी. मनाली सुमारे २,००० मीटरांवर. सकाळी निघायचं, दुपारी साडेचार हजारांची खिंड ओलांडायची आणि संध्याकाळी काझ्याला, ३,७०० मीटरांच्या आसपास झोपायचं. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला, ९.०२ किलोमीटरचा. त्याने रोहतांगचा घाट वाचला, वेळ वाचला, आणि आपल्यासारख्यांना वाटायला लागलं की आता तर काय, सोपंच. बोगद्याने रस्ता आखूड केला, उंची नाही. बोगद्यापलीकडे ग्रांफूहून बातलपर्यंतचा रस्ता म्हणजे दगडगोटे आणि रस्त्यावरून वाहणारे नाले. दुपारी ऊन चढलं, वरचा बर्फ वितळला की त्याच नाल्यांचं पाणी वाढतं. सकाळी घोट्याएवढं असतं ते तीन वाजता गाडीच्या दारापर्यंत. मनाली सोडल्यावर काझ्यापर्यंत पेट्रोलपंप नाही. आपली जीजे-०६ वाली गाडी घेऊन जाणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आणि एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. काझ्याला कुणी आजारी पडलं तर त्याला खाली न्यायचं असतं. मनालीच्या बाजूने नेलं तर खाली जाण्याआधी वर चढावं लागतं, कुंझुमवर, आजाऱ्याला घेऊन. आम्ही साडूंना उलट्या दिशेने, ताबोला नेलं ते याचसाठी.

म्हणून शिमल्याकडून जा. ही बाजू लांब आहे आणि तेच तिचं औषध. माझा आराखडा असा. पहिल्या रात्री बडोद्याहून दिल्लीची गाडी. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून बसने किंवा गाडीने शिमला, २,२०० मीटर. कालक्याहून छोट्या गाडीने जायची हौस असेल तर बेलाशक जा, १९०३ पासून चालणारी गाडी आहे, पण मग एक दिवस आणखी धरा, कापाकापी करू नका. तिसऱ्या दिवशी सराहन. उंची शिमल्याएवढीच, पण भीमाकालीचं लाकडी देऊळ आहे आणि शरीराला एक रात्र जास्त मिळते. चौथा आणि पाचवा दिवस कल्पा, २,९०० च्या पुढे, खिडकीतून समोर किन्नर कैलास. इथे दोन रात्री राहायच्याच. कंटाळा आला तरी राहायच्या. सहाव्या दिवशी नाकोला जेवण करून ताबो, ३,२८०. सातव्या दिवशी काझा. आठव्या दिवशी लांगझा, हिक्किम, कोमिक ही ४,४०० मीटरांच्या आसपासची गावं पाहायची आणि झोपायला काझ्यालाच उतरायचं. नववा दिवस कोरा ठेवायचा. रस्ता बंद पडला, कुणाचं डोकं दुखलं, गाडीचा पाटा तुटला, तर तो खर्ची पडतो. काही झालं नाही तर काझ्याच्या बाजारात चहा पीत बसायचं. दहाव्या दिवशी परत कल्पा, अकराव्या दिवशी शिमला, बाराव्या दिवशी दिल्ली गाठून रात्रीची मिळेल ती गाडी, तेराव्या दिवशी घर.

यात चंद्रताल नाही. पिन खोरं नाही. मला माहीत आहे, तुमचा हात पेन्सिलीकडे गेला असेल. नववा दिवस कोरा दिसतोय, तिथे चंद्रताल बसतं ना? नाही बसत.

हिशेब समजून घ्या, मग आराखडा तुमचा तुम्ही करा. ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरांहून जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. दिवसा फिरायला कितीही वर जा, झोपायला खाली या. गिर्यारोहकांचा हा नियम पुण्या-मुंबईच्या एव्हरेस्टवाल्यांना लागू आहे तसाच गोरव्याच्या फिटरलाही. उलट त्यांना सवय असते, आपल्याला नाही. काझ्याच्या हवेत एका श्वासाला इथल्या सुमारे दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. शरीर त्याला सरावतं, जरूर सरावतं, पण त्याला दिवस लागतात आणि ते दिवस पैसे टाकून विकत मिळत नाहीत.

तब्येत दणकट असली की त्रास होत नाही, हा समज साडूंनी आमच्या डोक्यातून कायमचा काढला. विरळ हवा बायसेप बघत नाही. पंचविशीतला जिमवाला आडवा पडतो आणि सत्तरीच्या आजी शांतपणे माळ ओढत बसतात, कारण आजी घाई करत नाहीत. मग पावागड चढून उपयोग काय? उपयोग आहे, गुडघ्यांना. आपल्याकडे सपाटी इतकी की गोरव्यात चढ म्हणजे रेल्वेच्या पुलाचा. निघायच्या तीन महिने आधीपासून दर पंधरा दिवसांनी पावागड करा, उडनखटोल्याने नाही, माचीपर्यंत गाडीनेही नाही. चांपानेरच्या पायथ्यापासून चालत, पाठीवर पाच किलोची सॅक आणि पायांत तेच बूट जे पुढे न्यायचेत. नवे कोरे बूट हिमालयात पहिल्यांदा घालणाऱ्याच्या टाचा मी पाहिल्यात. जमलं तर एकदा दोन दिवस काढून साल्हेर करा. १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, आणि आपल्याला डांगमधून गेलं की दारातच. उतरताना मांड्या थरथरल्या तर समजा, तयारी अजून अर्धीच आहे.

आता कुणाबरोबर जायचं. आजकाल आपल्या भागातही मोबाइलवर चार फोटो टाकून वीस माणसं गोळा करणारे बरेच झालेत. सगळे वाईट नाहीत. पण पैसे भरण्याआधी त्यांना काही गोष्टी विचारा आणि उत्तर देताना त्यांचा चेहरा बघा. पहिली रात्र किती उंचीवर, दुसरी किती, तिसरी किती? ज्याला हे आकडे तोंडपाठ नाहीत त्याच्याबरोबर जाऊ नका, मग तो किती का स्वस्त असेना. बरोबर येणारा लीडर कोणता अभ्यासक्रम करून आलाय? उत्तरकाशीचं नेहरू गिर्यारोहण संस्थान, दार्जिलिंगची हिमालयन माउंटनियरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची संस्था, ही नावं ऐकू यायला हवीत. तिथला मूळ अभ्यासक्रम जवळपास महिन्याचा असतो, शनिवार-रविवारचा नव्हे. आपल्या गुजरात सरकारचीही माउंट अबूला गिर्यारोहणाची संस्था आहे, तिथे शिकलेली मुलं बडोद्यात आहेत. एखादा आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण जाणार आणि बाकीच्यांबरोबर कोण राहणार? आमच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. साडूंबरोबर मी उतरलो, आणि उरलेल्यांना सांभाळायला एक ड्रायव्हर, ज्याला स्वतःलाच झोप हवी होती.

कुणी नेणारा नकोच असेल तर युथ हॉस्टेल असोसिएशनचे ट्रेक बघा. हिमाचलमधले त्यांचे मोठे ट्रेक ठराविक हंगामात निघतात, स्वस्त असतात, आणि वर चढवण्याआधी ते तुम्हाला खालच्या कॅम्पवर सरावाला ठेवतात. तंबूत दहा जण, पहाटे चहाची शिट्टी, स्वतःचं ताट स्वतः धुवायचं. ज्यांना हॉटेलच हवं त्यांनी तिकडे फिरकू नये.

डॉक्टरकडे जा. आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, महिनाभर आधी. रक्तदाब, मधुमेह, हृदय, दमा, गर्भारपण, यांतलं काही असेल तर उंची सांगून विचारा. ‘हिमाचलला जातोय’ एवढंच सांगितलं तर त्यांना मनालीचं हॉटेल दिसेल, काझा दिसणार नाही. उंचीच्या त्रासासाठी ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी असते, लोक तिला डायमॉक्स म्हणतात. ती घ्यायची की नाही, किती घ्यायची हे त्यांनाच ठरवू द्या. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. शेजाऱ्याने दिली म्हणून घेऊ नका. आणि ती गोळी म्हणजे वर पळत जायचा परवाना नाही.

कापराबद्दल लिहायलाच हवं. रुमालात कापराची पुरचुंडी बांधून हुंगत बसलेली अख्खी बस मी पाहिली आहे. आमचीच होती. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. हवेतला प्राणवायू त्याने रतीभरही वाढत नाही. तोटा असा की माणसाला वाटतं आपण काहीतरी उपाय केला, आणि तो डोकेदुखी अंगावर काढत आणखी वर जातो. खरी खूण लक्षात ठेवा. वर गेल्यावर डोकं दुखतंय आणि त्याबरोबर मळमळ, जेवण नकोसं, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं असेल, तर ती विरळ हवाच आहे असं धरून चाला. पित्त झालं, कालचा पराठा बाधला, गाडी लागली, ही कारणं नंतर. अशा वेळी पुढे चढायचं नाही, तिथेच थांबायचं. बरं वाटलं तर पुढे, वाढलं तर खाली. आणि बसल्या जागी दम लागत असेल, खोकला थांबत नसेल, माणूस सरळ रेषेत चालताना झोकांड्या खात असेल, असंबद्ध बोलत असेल, तर रात्र आहे की सकाळ हे बघायचं नाही. त्याच क्षणी खाली. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जरूर न्या, पण त्या आकड्याने घाबरून जाऊ नका आणि निर्धास्तही होऊ नका. काझ्याला धडधाकट माणसाचाही आकडा नव्वदीच्या खाली दिसतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. आमच्या गाडीत ते ऑक्सिमीटर दर दहा मिनिटांनी हातोहात फिरत होतं, अंत्याक्षरीसारखं. आणि ज्याला खरा त्रास होत होता तो मात्र कुणाला सांगत नव्हता, सगळ्यांची सहल बिघडेल म्हणून. घरून निघतानाच ठरवून टाका की त्रास लपवणाऱ्यावर रागवायचं आणि सांगणाऱ्याला शाबासकी द्यायची.

जाता जाता एक घरचा विषय. गुजरातची हद्द ओलांडली की आपल्यातल्या काही सज्जनांना एकदम तहान लागते. लागू दे, माझं काही म्हणणं नाही. परतीच्या वाटेवर शिमल्याला भागवा. वर चढताना पहिल्या दोन-तीन रात्री दारू आणि झोपेची गोळी टाळा, दोन्ही श्वास मंद करतात, आणि तिथे श्वासच कमी पडत असतो.

बडोद्यातून हिमालयात जायची परंपरा तशी जुनी आहे. काका कालेलकर इथल्या गंगनाथ विद्यालयाचे आचार्य होते. साताऱ्यात जन्मलेला हा मराठी माणूस. विद्यालयातलं राष्ट्रीय वातावरण इंग्रजांच्या डोळ्यांवर आलं, शाळा बंद झाली, आणि १९१२ मध्ये कालेलकर हिमालयात निघून गेले. बरोबर स्वामी आनंद. पायी. पुढे त्या प्रवासाचं पुस्तक त्यांनी गुजरातीत लिहिलं, ‘हिमालयनो प्रवास’. आपल्या घरी मराठी आणि बाजारात गुजराती बोलणाऱ्या बडोदेकराने ते वाचलेलं नसेल तर जाण्याआधी वाचावं. माझा मुद्दा मात्र साधा आहे. त्यांच्याकडे डायमॉक्स नव्हती, गोअरटेक्सचे बूट नव्हते, हवामानाचा अंदाज नव्हता. पण ते चालत होते, म्हणजे शरीर एका दिवसात जितकं वर जाऊ शकतं तितकेच वर जात होते. आपल्याला त्या चालीचा वेग इंजिनच्या गाडीत बसून हाताने आणावा लागतो.

जेवण. आपल्याकडच्या पुष्कळ सहलींत बरोबर महाराज नेतात, गॅसची शेगडी, तेलाचे डबे, सगळं. काझ्याला पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळतं. महाराज तासभर डाळ ढवळत बसतो आणि ती दाताखाली वाजते. प्रेशर कुकर नसेल तर भातही कच्चा. त्यापेक्षा दिवसा लांगझाला किंवा किब्बरला एखाद्या घरात जेवायला थांबा, चुलीजवळ बसा आणि त्या घरची ताई देईल तो थुक्पा प्या. गरम, पातळ, पचायला हलका. उंचीवर भूक मरते, तेव्हा तेलकट नकोच वाटतं. थेपले आणि मेतकूट न्या, ते शहाणं खाणं आहे. चिवडा न्यायचाच तर पाकिटाला आधीच टाचणीने भोक पाडा आणि ते डब्यात ठेवा.

पाणी दिवसभर घोट घोट प्या, दर गावात बाटली भरून घ्या. प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेत सुटू नका, त्या खाली आणायला तिथे घंटागाडी येत नाही. तुमचा कचरा तुमच्याच सॅकमधून बडोद्याला परत.

लांगझाच्या आसपास कोट्यवधी वर्षं जुन्या समुद्री जिवांचे दगड सापडतात, शाळिग्रामासारखे वळसे असलेले. लहान मुलं ते विकायला आणतात. घेऊ नका, उचलूही नका. कायद्याने बंदी आहे ती आहेच, शिवाय आपल्या देवघरात तसले पुरेसे आहेत. किब्बरच्या लोकांनी म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनबरोबर ठरवून आपल्याच कुरणाचा एक भाग चराईसाठी बंद ठेवला, रानातल्या भरलला गवत मिळावं आणि त्यामागे हिमबिबट्या टिकावा म्हणून. जे गाव बिबट्यासाठी गवत सोडतं, तिथे आपण निदान गाडीचा हॉर्न तरी सोडावा.

किरकोळ पण उपयोगी. रोकड बरोबर असू द्या, वर एटीएमचा आणि नेटवर्कचा भरवसा नाही, आणि तिथल्या चहावाल्याला तुमचं स्कॅनचं यंत्र ठाऊक असलं तरी टॉवरला नसतं. अमेरिकेचा भाचा किंवा नातू बरोबर येत असेल आणि त्याचा पासपोर्ट तिकडचा असेल, तर किन्नौरहून ताबोच्या दिशेने जायला त्याला परवाना लागतो, ओसीआय कार्ड असलं तरी. तो शिमला, रिकाँग पिओ किंवा काझा इथे काढता येतो. आपल्याला लागत नाही. आणि दिल्लीच्या गाडीचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून. पूर्वीचे चार महिने डोक्यात ठेवून बसलात तर चुकाल.

तेरा दिवस निघतच नसतील तर? मग स्पितीला जाऊ नका. मी हे रागाने नाही सांगत. आठ दिवस असतील तर कल्पा आणि सांगला करा, तिथूनच हिमालय पोटभर दिसतो आणि मे महिन्यात मुलांनाही नेता येतं. किंवा तीर्थनचं खोरं बघा, ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या दारातलं, १,६०० मीटरांच्या आसपास, नदीकाठी चालायला मैलोनमैल. किंवा उत्तराखंडात मुनस्यारी, २,२०० मीटर, समोर पंचचुलीची पाच शिखरं. यांतल्या कुठल्याच ठिकाणी तुमचं डोकं सहसा ठणकणार नाही. सात दिवसांत काझा करून आलेल्याला विचारा, त्याने काय पाहिलं. तो तुम्हाला गाडीची काच आणि उशी सांगेल.

आम्ही साडूंना घेऊन ताबोला उतरलो आणि दोन दिवस तिथेच राहिलो, काही करायचं नव्हतं म्हणून. ९९६ साली उभारलेला मातीचा मठ. बाहेरून आपल्या खेड्यातल्या धान्याच्या कोठारासारखा, आत अंधार, आणि डोळे सरावले की भिंतीभर चित्रं. साडू पहिल्या दिवशी बाहेरच्या कट्ट्यावर उन्हात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी हळूहळू आत आले. तासभर एका भिंतीपुढे उभे होते. त्या सहलीतलं त्यांना आज आठवतं ते तेवढंच.

पुढल्या पितृपक्षाला कुणी निघत असेल तर माझ्याकडे एक ऑक्सिमीटर, दोन जाड स्लीपिंग बॅगा आणि किन्नौरचा एक फाटका नकाशा आहे. आयटीआयच्या मागच्या गल्लीत या, न विचारता देईन. फक्त येताना आराखडा कागदावर लिहून आणा, रोज रात्री किती मीटरांवर झोपणार त्या आकड्यांसकट.